एक हजार चोवीस आठवडे

मेरगूंच्या गच्चीवर दोन खिळे.
मधलं अंतर पोलादी टेपनं मी स्वतः तीनदा घेतलं:
सात मीटर एक्केचाळीस सेंटिमीटर.
खाली यंत्रमाग चालू, पायाखाली स्लॅब थरथरतो.
"तेवढं धरायचं नसतंय मॅडम," मेरगू म्हणाले,
"अशोक चौकात कुठली गच्ची हालत न्हाई?"

सतरंजीवर दोन जोड्या. पिवळी आणि राखाडी.
पिवळी पुण्याच्या कंपनीनं मोडीत काढलेली,
पेटीत स्पंज शाबूत, पट्टे शाबूत, बिलाची झेरॉक्ससुद्धा.
राखाडीच्या पेटीला गोणपाटाची मूठ शिवलेली,
केबलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
बिजागरीत काळी माती, खडखडीत वाळलेली.

पिवळी चटकन जागी झाली.
चौदा उपग्रह, रशियाचेसुद्धा.
अंतर सात एकोणचाळीस.
टोकं बदलली: सात चव्वेचाळीस.
मग बॅटरी तापली, रेडिओ तुटला,
आणि मेरगू उगाच आभाळाकडं बघत राहिले.
पाच सेंटिमीटर म्हणजे काय ते मला होटगीत कळलं,
जिथं दोन चुलतभाऊ त्याच्यापायी
नऊ वर्षं एकमेकांच्या कार्याला गेले नाहीत.

राखाडी चालू केली की आधी नुसती गप्प.
बसलिंग चहा सांगून आला तरी गप्प.
मग दोन. चार. सहा. सात.
सातावर थांबली, पुढं काही मागितलं नाही.
सात एक्केचाळीस.
टोकं बदलली. सात एक्केचाळीस.
दुपारी माग जेवायला थांबले, स्लॅब निवांत झाला,
पुन्हा लावून पाहिलं. तेच.

फक्त पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं:
बुधवार, एकोणतीस जून, दोन हजार पाच.

माथ्यावर फेब्रुवारी तापत होता.
वार मात्र बरोबर.

"आठवडे मोजतंय ते," मेरगूंनी सांगितलं,
"एक हजार चोवीस झाले की पुन्हा शून्य.
जुन्या ट्रकच्या मीटरसारखं. गाडी पुढंच जाती,
आकडे तेवढे मागं."

दोन हजार पाचच्या जूनमध्ये
मी आयटीआयच्या मैदानावर होते, वर्गात एकटी मुलगी,
साखळीचं दुसरं टोक धरून.
पहिलं टोक कुणाकडं होतं, आठवत नाही.

आतल्या फायली कुणी पुसल्या नव्हत्या.
इंग्रजी अक्षरांत मराठी, मधेच कानडी:
बांधदगड. बाभूळ. बाभूळ मोठी.
बावी. कुत्रं बांधलंय.
बावी पुन्हा, कुत्रं सोडलं.
"हिरेमठ सरांचं," मेरगू म्हणाले,
"मोतीबिंदू वाढला तसं इथं आणून ठेवलं.
विकू नको म्हणत होते. परवा म्हणाले, वीक."
काम बोरामणीचं. त्या बाभळी मला माहीत आहेत,
म्हणजे त्या जिथं होत्या तिथला
चौपदरी रस्ता माहीत आहे.

पिवळीचे एक लाख पंच्याऐंशी. राखाडीचे सत्तर.
"एकोणीस वर्षं मागं चालतंय हे,
त्याचे किती कमी करता?"
मेरगूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"वार बरोबर हाय की. वाराचे घेतो,
तारखेचे पाच हजार सोडतो."

परतीच्या वाटेवर, स्कूटरवर मागं पेटी धरून,
बसलिंगनं विचारलं, "मेमरी भरत आलीया, पुसू का?"
सात रस्त्याचा सिग्नल सुटला आणि मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभारीत, सकाळचे आठ.
मोजणीवहीत तारीख मी हातानं घातली.
राखाडी तिच्या सवडीनं सातावर आली.
बसलिंग काठी घेऊन बांधाबांधानं निघाला,
मी पडद्यावर एकेक नाव उमटताना बघत होते:
लिंब.
बावी.
कुत्रं न्हाई.